व्हर्ला टॉस्ट्रूडचा उलटा फ्रीज

वाळवंटातल्या क्वार्टझसाइट गावाच्या दक्षिणेच्या उघड्या माळावर नोव्हेंबर लागला की उत्तरेकडची म्हातारी माणसं आपापली घरं मोटारीमागे जोडून येतात आणि मार्चच्या शेवटी उठून जातात. या पाच महिन्यांत आपलं कुणावाचून अडत नाही, असं इथला प्रत्येक जण सांगतो. व्हर्ला टॉस्ट्रूडवाचून मात्र अडतं, कारण फ्रीज तिला कळतो.

व्हर्ला चौऱ्याहत्तर वर्षांची. मूळची नॉर्थ डकोटाची. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचं जेवण करण्यात गेली. नवरा ऑरिन वारला त्याला नऊ वर्षं झाली. त्याचं कॅनव्हासचं जाकीट ती अजून घालते. आठवण म्हणून नव्हे, खिसे मोठे आहेत म्हणून. एका खिशात वीतभर पाणसळ, दुसऱ्यात बर्नर झाडायचा कुंचला.

कुणी हाक मारली की ती जाते, दार उघडून पाणसळ खणाच्या तळावर ठेवते आणि बुडबुडा कुठे जातो ते बघते. मग ठरलेलं वाक्य बोलते, "फ्रीज बिघडलेला नाही. तुम्ही तिरपे आहात."

गेल्या वर्षी ऑरेगनहून एक निवृत्त दंतवैद्य बसएवढी गाडी घेऊन आला होता. त्याला हे वाक्य फार लागलं. "बाई, या गाडीची किंमत माहीत आहे का तुम्हाला?" त्याने विचारलं. "बुडबुड्याला माहीत नाही," व्हर्ला म्हणाली. तिने त्याच्या चाकाखाली फळी सरकवली. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बर्फ झाला आणि त्याने तिला पायनॅपलचा केक आणून दिला. केक तिने शेजारच्या डेल्बर्टला दिला, कारण तिला साखर आहे.

या गॅसवरच्या फ्रीजमध्ये हलणारा एकही भाग नसतो. मागच्या बाजूला बोटाएवढी निळी ज्योत जळते. तिच्यावर अमोनिया उकळतो, वर चढतो, निवतो आणि नळ्यांच्या उतारावरून खाली येता येता आतला उष्मा घेऊन जातो. विस्तव पेटवून गारवा काढायचा हा उद्योग निम्म्या माळाला अजून पटलेला नाही. दूध टिकतं म्हणून लोक गप्प बसतात. सगळा कारभार उतारावर चालतो, तेव्हा घर कललं की पातळ पदार्थ वाटेत साचून राहतो, खालची हंडी कोरडी तापते आणि नळ्यांत खडे धरतात. फ्रीज तक्रार करत नाही, आवाज करत नाही. हळूहळू फक्त कपाट होतो.

व्हर्लाचा स्वतःचा फ्रीज तीस वर्षांचा. तो तिने कसा निवडला ते माळावर सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात जाताना ती घरून तेरा बाय नऊचा भाजणीचा ट्रे काखेत मारून गेली होती. बटाटे, खिमा आणि चीज यांचं हॉटडिश त्याच ट्रेमध्ये व्हायचं, आणि डकोटाच्या माणसाला हॉटडिशशिवाय घर म्हणजे तंबू वाटतो. विक्रेता दोन दारांविषयी बोलत होता, ऑरिन रंगाविषयी, आणि व्हर्ला एकेका फ्रीजमध्ये ट्रे घालून दार लावून बघत होती. सहाव्या फ्रीजचं दार लागलं. "हा," ती म्हणाली. ऑरिनला वाटलं ती अजून बघते आहे.

तेव्हापासून दर शरदात ती मागची झडप उघडते, बर्नरच्या नळीतली कोळ्यांची जाळी काढते (गॅसचा वास या कोळ्यांना का आवडतो हे त्यांनाच ठाऊक), धुराड्यातली काजळी झाडते, दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघते. जोडांना साबणाचं पाणी लावते. पिवळी पूड दिसली किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर फ्रीज मेला, हे ती लोकांना डॉक्टरपेक्षा स्पष्ट सांगते.

बॅटरीवर चालणाऱ्या नव्या फ्रीजशी तिचं वैर आहे असं लोक समजतात. तसं नाही. "रोज गाडी हाकणाऱ्याने तो घ्यावा," ती सांगते. "छपरावर भरपूर सौर पाट्या असतील त्याने घ्यावा. आणि ज्याला पाणसळीचा कंटाळा आहे, त्याने तर जरूर घ्यावा." शेवटचं वाक्य ऐकल्यावर तो फ्रीज घ्यायची हिंमत माळावर फारशी कुणी करत नाही.

आता जे झालं ते असं.

मागच्या हिवाळ्यात ती युमा गावी एका मैत्रिणीच्या मदतीला दोन दिवस गेली. मागे गॅसची टाकी संपली आणि इन्सुलिनची पेटी बंद ट्रेलरमध्ये उकडून निघाली. परत आल्यावर तिने तेच इन्सुलिन टोचून घेतलं. दोन रात्री दवाखान्यात गेल्या. डकोटातल्या फार्गोहून मुलगी आली. मुलीचं नाव रिने, काम विम्याच्या कचेरीत. धोका म्हणजे काय हे तिला पगार घेऊन कळतं. या ऑक्टोबरमध्ये माळावर निघायच्या आधी रिनेने आईसमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक थर्मामीटर, जो फ्रीजमध्ये बसून फार्गोला आकडे पाठवणार होता. आणि एक कागद. त्यावर लिहिलं होतं की फ्रीज चाळीस अंश फॅरनहाइटच्या वर गेला, म्हणजे आपल्या मोजणीत साडेचारच्या, आणि दोन दिवसांत खाली आला नाही, तर आई ट्रेलर विकून फार्गोला येईल, लिफ्ट असलेल्या इमारतीत.

व्हर्लाने न वाचता सही केली. आपल्या ज्योतीवर तिचा एवढा विश्वास होता.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी ती ओट्याशी उभी असताना फोन वाजला.

"आई, एकावन्न."

"मला दिसतंय."

"काल संध्याकाळी त्रेचाळीस होता. मी म्हटलं दार उघडं राहिलं असेल."

"दार मी कधी उघडं ठेवलंय?"

"म्हणूनच घाबरले. इन्सुलिन कुठे आहे?"

"डेल्बर्टच्या फ्रीजमध्ये. मधल्या खणात, लोण्याच्या डब्यात. मागच्या पत्र्याला टेकवलं की गोठतं, आणि गोठलं की फुकट, हे त्याला तीनदा सांगितलंय."

मग रिने म्हणाली, "रविवारी दुपारी बारापर्यंत पोचते. फीनिक्सहून राहायची गाडी भाड्याने घेते आणि तुझ्यासाठी बॅटरीचा फ्रीज घेते. तोवर तुझा खाली आला नाही तर कागदावर लिहिलंय तसं."

"मग नवा फ्रीज कशाला आणतेस?"

"ट्रेलर विकताना चालू फ्रीज असलेला बरा."

या बाबतीत मुलगी आईवर गेली होती.

व्हर्लाने मागची झडप उघडली. ज्योत निळी, धुराडं स्वच्छ, पिवळी पूड नाही, वास नाही. रोज सकाळी ती न्याहारीचं अंडं ऑरिनने केलेल्या टेबलावर ठेवून बघते. ऑरिनने टेबलाचे पाय जमिनीच्या मापाने कापले होते, तेव्हा अंडं हललं नाही म्हणजे घर सरळ. आजही अंडं हललं नव्हतं. लोकांच्या फ्रीजपुढे ती कधी दहा मिनिटांहून जास्त उभी राहिली नव्हती. स्वतःच्या फ्रीजपुढे तास गेला.

डेल्बर्ट ह्रिंचुक शेजारच्या ट्रेलरमधला. सास्काचेवानचा गव्हाचा शेतकरी, विधुर, बोलायला सावकाश. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. टोपी हातात म्हणजे काहीतरी वाईट.

"व्हर्ला, एक सांगू? चिडशील."

"सांगायच्या आधीच चिडलेय. सांग."

"जानेवारीत पाऊस झाला बघ. त्यानंतर आपण पत्ते खेळायला बसलो की माझा कॉफीचा कप तुझ्याकडे सरकायचा."

"मग?"

"मग मी टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठा घातला. बिस्किटांच्या खोक्याचा. चार घड्या."

व्हर्लाने खाली वाकून बघितलं. पुठ्ठा होता. टेबल सरळ होतं. तिने खिशातली पाणसळ काढून जमिनीवर ठेवली आणि बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला, जसा काही तिथेच राहायला आला होता. पावसाने ओढ्याच्या बाजूची रेती खचली होती, डावं चाक फळीसकट खाली गेलं होतं. तिला ते पायांना जाणवायला हवं होतं. पण माणसाला तिरपं उभं राहायची सवय लागायला आठवडा पुरतो, आणि इथे चार झाले होते.

"कप सरकतोय हे मला सांगायला तुला काय झालं होतं?"

डेल्बर्टने टोपी फिरवली. "माळावर तुला कोण सांगणार, की व्हर्ला, तुझं घर तिरपं आहे? मी तर नाही. दंतवैद्य यंदा पत्त्यांना येतो, त्यालाही दिसलं होतं. तो म्हणाला, आपण नको बोलायला."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना नाही. पत्ते न खेळणाऱ्यांना नव्हतं."

व्हर्ला खुर्चीवर बसली. रागावून झाल्यावर ती म्हणाली, "दंतवैद्याला बोलाव. आणि आधी चाकाखाली जॅक लाव."

घर सरळ करायला तास लागला. पण नळ्यांत धरलेले खडे घर सरळ करून सुटत नाहीत. त्यावर जुन्या लोकांचा एकच इलाज आहे: फ्रीज बाहेर ओढायचा आणि एक दिवस डोक्यावर उभा करायचा. साचलेलं सुटतं, कधीकधी. पुस्तकात हा इलाज नाही. पुस्तकात नवा घ्या असं असतं. व्हर्लाने गॅस बंद करून जोड सोडला, स्क्रू काढले, दारं उतरवली. डेल्बर्टने जमिनीवर गोधड्या घातल्या. डेल्बर्ट एका बाजूला, दंतवैद्य दुसऱ्या, आणि मधे व्हर्ला "हळू, हळू, तो दात नाही" असं म्हणत. दुपारी बारा वाजता ऑरिनच्या वेळचा फ्रीज स्वयंपाकघराच्या मधोमध शीर्षासनात उभा राहिला. आत कुठेतरी गुडगुड झाली.

"हा आवाज चांगला का वाईट?" दंतवैद्याने विचारलं.

"आवाज आला हे चांगलं."

थर्मामीटर तिने आत चिकटपट्टीने लावून ठेवला होता. तो इमानाने फार्गोला एकाहत्तर पाठवत होता. डेल्बर्ट तो बघत राहिला.

"व्हर्ला, हा थर्मामीटर माझ्या फ्रीजमध्ये ठेवू का दोन दिवस? माझा छत्तीसवर आहे. रिनेला काय कळणार?"

"तिला नाही कळणार."

"मग?"

"मला कळेल ना. तो माझ्या फ्रीजबद्दल बोलायला ठेवलाय. बोलू दे."

"तुला फार्गोला जायचंय का?"

"नाही."

"मग असं काय करतेस?"

"खोटं बोलून इथे राहायचं असतं, तर सही करायच्या आधीच बोलले असते," व्हर्ला म्हणाली. "तेव्हा सोपं होतं."

दर तीन-चार तासांनी तिघांनी मिळून फ्रीज आडवा केला, हलवला, पुन्हा डोक्यावर ठेवला. शनिवारी दुपारी तो पायांवर आला. आतला द्रव खाली बसेपर्यंत त्याला तसाच ठेवावा लागतो. त्या सहा तासांत व्हर्लाने त्याला बोटसुद्धा लावलं नाही, आणि हे तिला फ्रीज उलटा करण्याहून जड गेलं. संध्याकाळी फ्रीज जागेवर गेला, तिने दारं बसवली, जोड आवळला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं आणि ज्योत पेटवली.

मध्यरात्रीपर्यंत आकडा जागचा हलला नाही. रविवारी सकाळी सात वाजता अठ्ठावन्न होता. वरच्या खणाच्या पत्र्यावर तिने तळहात ठेवला. गार होता, नक्की गार होता, पण हाताला जे कळतं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

रिने बाराला पाच कमी असताना आली. भाड्याची गाडी तिने दिसेल त्या मोकळ्या जागेत घातली, खाली उतरली, आईला मिठी मारली आणि फोन काढला.

"चव्वेचाळीस," व्हर्ला तिच्याआधी म्हणाली.

"चाळीस ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"आई, झालं काय होतं? बर्नर?"

डेल्बर्ट दारातच उभा होता. त्याने तोंड उघडलं. व्हर्लाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने ते मिटलं.

"घर तिरपं होतं," ती म्हणाली. "चार आठवडे. मला कळलं नाही."

रिने खाली बसली. या एका वाक्याची तिला वर्षभर भीती होती. आईच्या तोंडून ते इतकं सरळ येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं. "तुला कळलं नाही. तुला," ती म्हणाली. "आई, मी थर्मामीटरला नाही घाबरत. याला घाबरते. आज तिरपं कळलं नाही, उद्या सुई दोनदा टोचलेली कळणार नाही."

"होऊ शकतं."

"मग हरलीस ना?"

"हरले."

"मग?"

"मग मी येणार नाही."

"सही केली होतीस."

"केली होती. सही करताना मी शहाणपणा केला असं म्हटलंय का कुठे? शब्द मोडते आहे, रिने. तुझ्या तोंडावर मोडते आहे. चोरून मोडायचा असता तर हा थर्मामीटर शुक्रवारपासून डेल्बर्टच्या लोण्याशेजारी असता आणि तू आज फार्गोत छत्तीस बघत बसली असतीस. विचार त्याला."

"हे खरं आहे," डेल्बर्ट म्हणाला. "मीच म्हटलं होतं तिला."

"तुम्ही मधे बोलू नका, काका."

"बरं."

"मला तिरपं कळलं नाही," व्हर्ला म्हणाली. "ते कळल्यावर काय करायचं हे मात्र इथे मलाच कळत होतं. तुझ्या त्या इमारतीत जमीन सरळ, फ्रीज कंपनीचा, बल्ब गेला तर माणूस येतो. तिथे मी न चुकता बसून राहीन. खुर्ची चुकत नाही तशी."

"तिथे तू जिवंत राहशील."

"इथे मी काय करतेय?"

पण व्हर्लाचं लक्ष आता मुलीकडे नव्हतं. ती खिडकीतून भाड्याच्या गाडीकडे बघत होती. मग तिने जाकीट चढवलं.

"कुठे निघालीस? आई, मी भांडतेय."

"भांड. पण आधी गाडी चार पावलं मागे घे. नाक खाली गेलंय. सकाळपर्यंत तुझ्या गाडीतला फ्रीज कपाट होईल."

"एका रात्रीसाठी?"

"मीही चार आठवड्यांपूर्वी एका रात्रीनेच सुरुवात केली होती."

पुढचा अर्धा तास विम्याच्या कचेरीतली मोठी बाई स्टिअरिंगवर बसून गाडी पुढे-मागे करत होती, डेल्बर्ट फळ्या सरकवत होता, दंतवैद्य दोन्ही हातांनी खुणा करत होता आणि व्हर्ला गाडीच्या आत गुडघ्यांवर बसून बुडबुड्याकडे बघून ओरडत होती, "अजून. अजून. पुरे. जास्त झालं." एकदा रिनेने खिडकीतून मान काढून विचारलं, "आता?" तेव्हा तिचा आवाज शाळेतून आलेल्या पोरीसारखा वैतागलेला होता, आणि भांडणाचा नव्हता. चौथ्यांदा बुडबुडा मधोमध बसला. रिने स्वतः आत येऊन वाकून बघून गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या फ्रीजचं खोकं चार वाजेपर्यंत उन्हात होतं. "याचं काय करायचं?" रिनेने विचारलं.

"डेल्बर्टला दे. छपरावर त्याच्या सौर पाट्या नुसत्या ऊन खात पडल्यात."

"माझा चांगला चालतोय," डेल्बर्ट म्हणाला.

"तुला पाणसळीचा कंटाळा आहे. पुठ्ठा तुझा होता."

डेल्बर्टने खोकं उचललं. माळावर याहून जास्त अपमान करून कुणी कुणाला इतकी चांगली वस्तू दिल्याचं ऐकिवात नाही.

साडेपाचला रिनेचा फोन टुणकन वाजला. तिने बघितलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. व्हर्लाने विचारलं नाही. ती उठली, फ्रीज उघडला, खणातून थर्मामीटर काढला, पुसला आणि मुलीपुढे ठेवला.

"हा घेऊन जा."

"एकोणचाळीस झालाय, आई. आता कशाला काढतेस?"

"एकोणचाळीस झालाय म्हणूनच काढते. काल काढला असता तर तू म्हणाली असतीस, आई लपवते. फ्रीजला जे बोलायचंय ते माझ्याशी बोलेल."

"आणि मला कसं कळणार?"

"फोन करून विचार. किंवा येऊन बघ. पलीकडची जागा रिकामी असते. फळ्या माझ्याकडे आहेत."

"तो कागद मी फाडणार नाही."

"नको फाडू. मी मोडलेला आहे, तो राहू दे तसाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्सुलिन डेल्बर्टकडून परत आलं आणि मधल्या खणात, पत्र्यापासून चार बोटं दूर बसलं. गडबडीत दोन दिवस राहिलं होतं, आज व्हर्लाने टेबलावर पुन्हा अंडं ठेवलं. ते घरंगळत निघालं आणि पलीकडे बसलेल्या रिनेने कडेला पकडलं.

"आई, तिरपं आहे."

"टेबल तिरपं आहे," व्हर्ला म्हणाली. "घर सरळ आहे."

रिने खाली वाकली, दोन पायांखालचा पुठ्ठा ओढून काढला, आणि अंडं परत जागेवर ठेवून बघत राहिली.